स्वयंपाकघराची सोय

नगरच्या माणसाला परदेशात लांब मुक्काम करायला आजवर एकच सर्वमान्य कारण होतं: मुलीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण. आमच्या सावेडीतल्या कितीतरी बायका त्यासाठी न्यू जर्सीला जाऊन आल्या आहेत. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव आणि बाळंतशोपा; येताना पायांत मुलाने घेऊन दिलेले पांढरे बूट. त्या बुटांचे तळ बघावेत. सहा महिन्यांनंतरही कोरे करकरीत. मी स्वतः अमेरिका पाहिली ती ओट्यासमोरच्या खिडकीतून. चांगला देश आहे. झाडं भरपूर आणि सिंक मोठं.

दुसरं कारण सहल. पण तिला मुक्काम म्हणता येत नाही, कारण तिच्यात माणूस कुठे थांबतच नाही. आठ दिवसांत पाच देश, पहाटे दारावर थाप, बसमध्ये चिवडा आणि ‘इथे फक्त फोटोसाठी दहा मिनिटं’. परत आल्यावर अमुक मनोरा कुठल्या देशातला यावरून नवरा-बायकोत जी भांडणं होतात, ती पुढच्या सहलीपर्यंत पुरतात.

त्यामुळे आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर जाहीर केलं, की आपण परदेशातल्या एखाद्या जुन्या गावात जाऊन महिनाभर नुसतं राहायचं, तेव्हा गल्लीत रीतसर चौकशी सुरू झाली.

“कोण असतं तिकडे?”

“कोणी नाही.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नाही. देवाला जावं, लग्नाला जावं, दवाखान्यात जावं. नुसतं राहायला माणसाला स्वतःचं घर असतं. समोरच्या काकूंनी दोन दिवसांत निष्कर्ष काढला, की ह्यांना काहीतरी दुखणं आहे आणि त्यावरचं झाडपाल्याचं औषध तिकडेच मिळतं. त्यांनी पारनेरकडच्या एका वैद्याचा पत्ता आणून दिला. “आधी इथे दाखवून बघा, मग एवढ्या लांब जा,” म्हणाल्या.

ह्यांची कल्पना तीन शब्दांत मावत होती: संथ, स्वस्त, जुनं. नोकरीभर हे हिशेबाच्या टेबलावर बसले, त्यामुळे कल्पना सुचल्याबरोबर एक लांबोडी वही आली. आडव्या ओळींत गावं. उभ्या रकान्यांत भाडं, व्हिसा, दवाखाना, चढ, पाऊस, भाजी. निवांतपणाच्या तयारीसाठी माणूस एवढा कामाला जुंपलेला मी पाहिला नव्हता. नोकरीत असताना सकाळी तीन वेळा हाक मारावी लागे; आता पहाटे उठून पोर्तुगालमधलं खोलीभाडं बघत बसू लागले. रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरले, पण पोर्तोच्या खोलीचं भाडं वाढलेलं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

पोर्तुगाल चढाच्या रकान्यात गारद झालं. शिवाय युरोपचा व्हिसा म्हणजे माणशी नव्वद युरो फी, वर बँकेचे कागद, आणि एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहायचं असा नियम. आमचं पासबुक युरोपला दाखवण्याजोगं नाही. ते आम्ही मुलालाही दाखवत नाही. मग मलेशियातलं जॉर्ज टाऊन आलं. २००८ साली जागतिक वारशात गेलेलं, रंगीत जुन्या घरांचं गाव. पण तिथे तमिळ खानावळीत इडली मिळते हे कळल्यावर ह्यांचा विरस झाला. एवढं विमानाने जायचं आणि इडली खायची? श्रीलंकेतलं गाले किल्ल्याच्या आत वसलेलं आहे. “किल्ला तर आपल्याकडेच आहे,” असं म्हणून तेही खोडलं. भुईकोट किल्ल्यात आपण शेवटचं कधी गेलो होतो, असं मी विचारलं. त्याला वहीत रकाना नव्हता.

शेवटी बोट ठेवलं गेलं ते व्हिएतनाममधल्या होई आनवर.

गाव खरोखर नामी आहे. थू बोन नदीच्या काठचं हे बंदर एकेकाळी जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांनी गजबजलेलं असे. शिडाची जहाजं वाऱ्यावर चालायची. एका वाऱ्याने यायचं आणि परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌महिने तिथेच राहायचं, म्हणून त्या लोकांनी तिथे घरं बांधली, देवळं बांधली, जपान्यांनी तर छप्पर असलेला पूल बांधला. तो पूल आजही आहे आणि व्हिएतनामच्या वीस हजार डोंगांच्या नोटेवर छापलेला आहे. पुढे बंदरात गाळ साचला, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली, आणि होई आनचा धंदा बसला. धंदा बसल्यामुळे कोणाला जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा उरला नाही, आणि तेवढ्यानेच गाव वाचलं. १९९९ साली ते जागतिक वारसा झालं. आता पिवळ्या भिंती, कौलं, कागदी कंदील आणि ठरावीक वेळांना गाड्यांना बंदी. गाड्यांना बंदी असलेला बाजार ही गोष्ट नगरच्या कापडबाजारात खरेदी करणाऱ्या बाईला परदेशात जाऊनच बघावी लागणार.

व्हिसाही सोपा. घरबसल्या अर्ज, पंचवीस डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत राहा. पण ह्यांना खरं जिंकलं ते तिथल्या पैशाने. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात. म्हणजे लाखभर रुपये नेले की माणूस तीन कोटींचा धनी. जन्मभर दुसऱ्यांच्या कोट्यवधींचे हिशेब तपासलेल्या माणसाला स्वतः कोट्यधीश होण्याची ही पहिलीच संधी होती. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे व्यवहार डोंगांत झाले. दूधवाल्याचं बिल लाखांत गेलं. मी मेथीची जुडी आणली तर विचारलं, “सहा हजारांची?”

मग ह्यांनी स्वस्ताईचं सूत्र मांडलं. विमानाचं तिकीट तेवढंच, दिवस वाढवत गेलं की रोजचा खर्च उतरत जातो. आठ दिवस राहिलात तर दिवसाला एवढे, तीस दिवस राहिलात तर एवढेच. सूत्र बिनचूक आहे. ते शेवटपर्यंत ताणलं तर जो परत येतच नाही, तो सगळ्यांत स्वस्तात जाऊन आला असं निघतं.

असा एक प्रवासी आमच्या नगरजवळच्या भिंगारने पाहिलेला आहे. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला तो इकडचं काम आटोपून परतण्यासाठी. मराठ्यांनी काम आटोपू दिलं नाही. मुक्काम वाढत गेला, तंबू या किल्ल्याखालून त्या किल्ल्याखाली हलत राहिले, आणि १७०७ साली भिंगारच्या छावणीत सगळंच आटोपलं. ह्यांच्या सूत्राप्रमाणे एवढा दीर्घ मुक्काम फुकटात पडायला हवा होता. प्रत्यक्षात लांबला खूप, पण परवडला नाही. दिल्लीचा खजिना खंगत गेला.

त्यावर ह्यांनी मला होई आनच्या एका खोलीचा फोटो दाखवला. नदीपासून जवळ, खिडकीत झाड, पंखा, आणि, हे सांगताना ह्यांचा आवाज चढला, “किचन! अगं, गॅस, भांडी, फ्रिज, सगळं आहे. बाहेरच्या जेवणाचा खर्चच नाही. संथ मुक्कामाची सगळी किल्ली इथे आहे.”

मी फोटो नीट पाहिला. ओट्यासमोर खिडकी होती.

तिथून पुढे मी नगरच्या इतिहासाकडे एकाच प्रश्नाने बघू लागले. या गावात बाहेरून येऊन मुक्काम ठोकलेल्यांची परंपरा मोठी आहे. मलिक अहमदने गाव वसवलं तेव्हापासून इराणी आले, हबशी आले, पोर्तुगीज आले. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८३९ मध्ये मुलींना शिकवायला नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. बोअर युद्धातले कैदी इथे ठेवले, पहिल्या महायुद्धात जर्मन ठेवले. कोण का आलं, किती राहिलं, हे पुस्तकांत सापडतं. पोळ्या कोणी लाटल्या हे सापडत नाही.

उलट टोकाचा प्रवासीही आमच्याकडेच येऊन गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, नगरची पेठ घेतली. तेव्हाच्या एका मराठी सरदाराने नवलाने कळवलं, की हे इंग्रज अजब आहेत. सकाळी आले, पेठेच्या तटावर चढले, शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले. आठ दिवसांत पाच देश या पद्धतीचा मूळ पुरुष तो हाच. लढाईच्या धामधुमीत त्याला न्याहारी तयार मिळाली, ही गोष्ट मात्र त्या सरदाराला अजब वाटली नाही. मला वाटली.

सगळ्यांत नावाजलेला मुक्काम भुईकोट किल्ल्यातलाच. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या बारा जणांना तिथे आणून ठेवलं आणि तो मुक्काम १९४५ पर्यंत चालला. भाडं नाही, व्हिसा नाही, परतीची तारीख नाही. नेहरूंनी त्या मोकळ्या वेळात फुलांचे वाफे केले आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. ह्यांना हे उदाहरण फार आवडलं. माणसाला एका जागी स्वस्थ बसायला मिळालं की काय काय घडतं! मी म्हटलं, अहो, सरकारने त्यांच्या खोलीत किचन दिलं असतं तर निम्मं पुस्तक झालं असतं.

पण त्या बाराजणांत एक गृहस्थ मला मनापासून आवडतात. मौलाना आझाद. काँग्रेसचे अध्यक्ष, एवढे मोठे विद्वान. आणि पहाटे तीन-चारला उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे. बिनदुधाचा, चमेलीच्या वासाचा चिनी चहा. त्या चहाविषयी आणि खोलीत घरटी करू पाहणाऱ्या चिमण्यांविषयी त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मध्ये पानंच्या पानं लिहिली आहेत. मी ह्यांना एवढंच म्हटलं, की नगरमध्ये इतकी वर्षं राहून माणसाने किल्ल्याकडून काहीतरी घ्यावं.

हे गप्प झाले, पण वही बंद झाली नाही. त्यांनी तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचं ठरवलं. परदेशातल्या जुन्या गावात संथपणे, स्वस्तात, महिनोन्‌महिने राहणारी माणसं जगात कुठे असतील ती असोत, आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर नक्की आहेत. दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांच्या समाधीसाठी अमेरिकेतून, इराणमधून, ऑस्ट्रेलियातून माणसं येतात. काही आठवडाभर राहतात, काही हंगामभर, काहींचं तर आयुष्यच इकडे गेलं. नगरच्या बाजारात सुती कुडता घातलेल्या गोऱ्या आजीबाई वांगी निवडताना दिसतात. त्यांना भाजीवाली भाव लावताना कचरत नाही आणि त्याही घासाघीस करताना कचरत नाहीत. आपण ज्याच्याबद्दल ‘कधी एकदा या गावातून मुलगा पुण्याला निघून जातोय’ म्हणतो, तेच कोणाचं तरी परदेशातलं जुनं गाव आहे. दर महिन्याच्या बारा तारखेला तिथे धुनी पेटते, त्या दिवशी आम्ही दोघं गेलो.

तिथे एका अमेरिकन आजींशी गाठ पडली. ह्यांनी वही उघडली आणि रकान्याप्रमाणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजी हसल्या. काहीच ठरवू नका, म्हणाल्या. पहिले काही दिवस कंटाळा येईल, तो येऊ द्या. मग भाजीवाली ओळखायला लागेल, मग रिक्षावाला वाट बघायला लागेल. मेहेरबाबांनी १९२५ साली मौन धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही, असंही त्यांनी भक्तिभावाने सांगितलं. महिन्याच्या मुक्कामात रोज थोडा वेळ मौन पाळावं ही त्यांची सूचना होती. आमच्या दोघांत ती एकट्या मलाच पटली.

निघताना मी माझा एकच प्रश्न विचारला. जेवणाचं काय करता?

“ओह, भोजनगृहात तयार मिळतं,” आजी म्हणाल्या. “नाहीतर एवढा वेळ कुठून मिळणार?”

रिक्षात मी पूर्ण मौन पाळलं.

खरं तर या जिल्ह्यात दर वर्षी लांब मुक्कामाला निघणारी माणसं कमी नाहीत. दिवाळीच्या आसपास पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर भरून निघतात. पाच-सहा महिने परक्या मुलखात, कारखान्याच्या आसऱ्याने, उसाच्या पाचटाच्या कोपीत. तिथे जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात; पण पहाटे अंधारात उठून चुलीवर भाकरी थापणारा हात एकटीचा असतो. मग त्याच हाताने ती दिवसभर मोळ्या बांधते. त्या मुक्कामाला कोणी निवांत म्हणत नाही, आणि त्याचे फोटोही कोणी दाखवत नाही. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा विनोदाने सांगितलं नव्हतं, आणि ह्यांनीही ते हसण्यावारी नेलं नाही.

त्यानंतर वहीत एक नवा रकाना पडला. मथळा ह्यांना सुचेना, म्हणून मीच घातला: ‘ओटा’. आणि गंमत म्हणजे त्या रकान्याने सगळा हिशेब उलटा केला. किचनवाल्या खोलीचं भाडं बिनकिचनच्या खोलीपेक्षा बरंच जास्त निघालं. होई आनमध्ये रस्त्याकडेला वाडगाभर नूडल्स चाळीस-पन्नास हजारांत, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास मिळतात. माशाचा रस्सा बऱ्याच पदार्थांत असतो हे खरं. पण तिथले कितीतरी लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळीही आहेत. अमावस्येला मटणाची वाट बघणाऱ्या आमच्या गल्लीला हे सांगितल्यावर तिचा व्हिएतनामवरचा विश्वास उडाला. थोडक्यात, घरचं जेवण स्वस्त पडतं हा ह्यांचा जन्मभराचा सिद्धांत परदेशी चलनात टिकला नाही. इथे तो टिकतो, कारण इथे एक रकाना कोराच ठेवतात.

आता राहिल्या किरकोळ अडचणी, म्हणजे खऱ्या अडचणी. व्हिसा मिळतो, पण घर महिनाभर बंद ठेवायचं कसं हे कुठलीही वकिलात सांगत नाही. शनिशिंगणापूर इथून तासाभराच्या वाटेवर; तिथे घरांना दारं न लावण्याची रीत. पण ती सोय सावेडीपर्यंत आलेली नाही. नळाला पाणी येईल तेव्हा टाकी कोण बघणार, तुळशीला पाणी कोण घालणार? काकूंनी तुळस स्वीकारली, टाकी नाकारली. मोसमाचंही त्रांगडं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी जुन्या गावात शिरते आणि लोक बाजारातून होडीने हिंडतात; जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष, दुकानं बंद आणि भाडी तेज. उरला मार्च. आणि मार्च म्हणजे कुरडया, पापड, वर्षाचे गहू. अख्ख्या नगर जिल्ह्याच्या गच्च्या भरलेल्या असताना आपली मोकळी ठेवून जायचं, म्हणजे लोक नावं ठेवणार. मी या वर्षी कुरडया बचत गटाकडून घ्यायच्या ठरवल्या आहेत. काकूंना अजून सांगितलेलं नाही. दुखण्याच्या संशयाला पुष्टी मिळेल.

ह्यांनी बॅगेचं वजनही मांडलं होतं: कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. ओटा गेल्यावर कुकर गेला, भाजणी गेली, चटणी राहिली. विजेची एक किटली आणि चहाची पूड मात्र ह्यांनी स्वतः जाऊन आणली, आणि सध्या रोज पहाटे सराव चालू आहे. चहा अजून आझादांच्या तोडीचा होत नाही. दूध उतू जातं. पण मी अंथरुणातून उठत नाही.

खोली ठरली आहे. नदीपासून थोडी लांब, सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला, ओटा नाही. मुंबईहून मार्चची तिकिटं काढली आहेत, आणि या संथ प्रवासातला सगळ्यांत संथ भाग वाघोलीच्या वाहतूककोंडीतच उरकणार, म्हणून घरून निघायचं ते रात्रीच.

तुमच्याही घरात अशी वही निघाली असेल, तर भाडं, व्हिसा, पाऊस हे रकाने खुशाल पाडू द्या. पण पहिला रकाना ‘स्वयंपाक कोण करणार’ हाच पाडा, आणि त्यात कोणाचं तरी नाव शाईने लिहिल्याशिवाय तिकीट काढू देऊ नका.